बोलके पुस्तक कोणाचे?



ह्या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा विषय निवडण्याची मोकळीक मला देण्यात आली होती. मी हा विषय घेतला, कारण गेल्या काही वर्षांत पुस्तकांच्या व्यवहारात जो एक मोठा बदल घडून आला आहे त्याकडे आपले म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. तो बदल असा की, पुस्तक आता बोलू लागले आहे. त्याला कोणी ऑडिओबुक म्हणतात, कोणी श्राव्यपुस्तक, कोणी ध्वनिपुस्तक. मी आज त्याला साधेपणाने बोलके पुस्तक म्हणणार आहे. कोणीतरी एखादे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचतो, ते वाचन ध्वनिमुद्रित होते, आणि आपण ते मोबाईलवर हवे तेव्हा, हवे तेथे ऐकतो. वस्तू एवढीच आहे. परंतु ह्या वस्तूने वाचकाची सवय बदलली, लेखकाचा हिशोब बदलला, आणि पुस्तकाचा धनी कोण हा जुना प्रश्न नव्याने उभा केला. माझे मुख्य सांगणे ह्या शेवटच्या प्रश्नाविषयी आहे. पण तेथवर जाण्यापूर्वी थोडी वाट चालावी लागेल.

आरंभीच एक आक्षेप येतो. वाचनावर प्रेम करणारी मंडळी विचारतात, "लोक आता वाचण्याचे कामही दुसऱ्याकडून करून घेणार काय?" ह्या प्रश्नातला उपहास मला समजतो, पण तो मराठी माणसाच्या तोंडी शोभत नाही. आपल्याकडे चातुर्मासात एकाने पोथी लावायची आणि साऱ्या आळीने ऐकायची, ही रीत पिढ्यानुपिढ्या चालत आली. हरिविजय, पांडवप्रताप ज्यांना तोंडपाठ होते अशा कितीतरी आज्यांना अक्षरओळख नव्हती. त्या अडाणी होत्या असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली, ती ज्ञानदेवांनी श्रोत्यांपुढे सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. म्हणजे आपल्या भाषेचा हा महाग्रंथ आधी कानाचा आणि मग डोळ्यांचा. युरोपातही फार वेगळे नव्हते. चौथ्या शतकात मिलान येथे बिशप अँब्रोज ओठ न हलविता मनातल्या मनात वाचीत असत, आणि ही गोष्ट संत ऑगस्टीन यांना इतकी लक्षणीय वाटली की त्यांनी ती आपल्या आत्मकथनात नमूद करून ठेवली. मनात वाचणे हीच एकेकाळी नवलाची गोष्ट होती! आणि दूर कशाला जा? न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. ह्या उकाड्यात संध्याकाळी घरचा पंखा सोडून आपण येथे येऊन बसला आहात, तेव्हा कानाच्या बाजूने आपले मत आपण अगोदरच देऊन टाकले आहे.

तरी आक्षेपकांना न्याय दिला पाहिजे. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्याच गोष्टी काही माणसांना एकदा ऐकविल्या, एकदा वाचावयास दिल्या, आणि दोन्ही वेळी मेंदूचे चित्रण केले. शब्दांच्या अर्थाशी निगडित अशी मेंदूतील हालचाल दोन्ही वेळी जवळजवळ सारखीच आढळली. माणसे अवघी नऊ होती, तेव्हा ह्यावर फार मोठी इमारत कोणी उभारू नये. उलट २०१० साली दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात कॉलेजातील विद्यार्थ्यांच्या एका गटाने अभ्यासाचा पाठ ऐकला आणि दुसऱ्याने तोच वाचला. परीक्षा घेतली तेव्हा ऐकणारे मागे पडले. मला ह्यात विसंगती दिसत नाही. गोष्ट कानाला मानवते. जेथे मागे वळून पाहावे लागते, आकृती तपासावी लागते, एक ओळ तीनदा वाचावी लागते, तेथे डोळ्यांना पर्याय नाही. गणिताचे पुस्तक ऐकत कोणी पास होणार नाही. पण कादंबरी ऐकणाऱ्याला खालच्या पायरीवर बसविण्याचे काही कारण नाही.

बोलक्या पुस्तकाचा जन्म करमणुकीसाठी झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी ह्या यंत्राचे काय काय उपयोग होतील त्यांची एक यादी छापली. त्या यादीत अंधांसाठी बोलणारी पुस्तके होती. परंतु त्या वेळच्या मुद्रणात दोन-चार मिनिटांपलीकडे मजल जात नसे. कादंबरी त्यात कशी मावणार? अर्धे शतक जावे लागले. पहिल्या महायुद्धात कित्येक तरुण सैनिकांची दृष्टी गेली. वयात आल्यावर आंधळा झालेल्या माणसाला बोटांनी ब्रेल वाचणे सहसा साधत नाही. १९१६ साली सोमच्या लढाईत डोळे गमावलेले इयान फ्रेझर ह्यांनी इंग्लंडात हा प्रश्न हाती घेतला. अमेरिकेत १९३४ साली आणि इंग्लंडात १९३५ साली अंधांसाठी बोलक्या पुस्तकांची सेवा सुरू झाली. इंग्लंडातील पहिल्या पुस्तकांत ॲगाथा ख्रिस्तीबाईंची एक रहस्यकथा होती. सावकाश फिरणारी, बराच वेळ चालणारी तबकडी सामान्य ग्राहकाच्या बाजारात आली ती १९४८ साली. म्हणजे जी सोय पुढे आपण गाण्यासाठी वापरली, ती अंधांच्या घरी चौदा वर्षे आधीच पोचली होती.

त्यानंतरचा इतिहास मी भराभर सांगतो. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये कॉलेज सोडून फार दिवस न झालेल्या दोन तरुणींनी कवी डिलन टॉमस ह्यांना गाठून त्यांच्याच आवाजात त्यांच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यातून केडमन ही कंपनी उभी राहिली. १९७५ साली कॅलिफोर्नियातील डुव्हाल हेक्ट नावाच्या गृहस्थांनी, जे ऑलिंपिकमध्ये वल्हवण्याचे सुवर्णपदक मिळवून आले होते, रोजच्या मोटारप्रवासाच्या कंटाळ्यावर उपाय म्हणून कॅसेटवरील संपूर्ण पुस्तके टपालाने भाड्याने देण्यास सुरुवात केली. १९९५ साली ऑडिबल ही कंपनी निघाली. २००८ साली ती ॲमेझॉनने विकत घेतली. मग मोबाईल आला, आणि तबकडी, कॅसेट, यंत्र हे सगळेच खिशात जाऊन बसले.

आपल्याकडे ह्याची पूर्वतयारी आकाशवाणीने केली होती. १९५५ साली पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले आणि वर्षभर महाराष्ट्राने आठवड्याच्या आठवड्याला ते ऐकले. पुढे पु. ल. देशपांड्यांच्या कथनाच्या कॅसेट घरोघर वाजू लागल्या. रावसाहेब किंवा म्हैस पुस्तकात वाचताना ज्यांना आपोआप पु. लं.चाच आवाज ऐकू येतो, त्यांनी बोलके पुस्तक म्हणजे काय हे मला विचारू नये. मात्र मराठीत ह्या गोष्टीला बाजाराचे रूप आले ते अलीकडे. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले, आणि २०१७ च्या अखेरीस स्वीडनमधील स्टोरीटेल ही कंपनी भारतात आली. तिने इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीही आरंभापासून हाती घेतली. जुन्या कादंबऱ्या नव्या आवाजात आल्या. नुसत्या ऐकण्यासाठी म्हणून लिहिलेल्या मराठी मालिकाही निघाल्या.

ऐकतो कोण? मुंबईच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभा असलेला माणूस पुस्तक उघडू शकत नाही, पण ऐकू शकतो. पोळ्या लाटताना, भाजी निवडताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. माझ्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. मोतीबिंदूनंतर बारीक टाईप त्यांना दिसेनासा झाला, तेव्हापासून ते सकाळी फेरफटका घालताना रोज एक प्रकरण ऐकतात आणि मला वाटेत अडवून त्यातील भाषेच्या चुका सांगतात. ही सर्व मंडळी पूर्वी वाचक होतीच, आज फक्त दरवाजा बदलला. परंतु एक वर्ग असा आहे की, तो पूर्वी मराठी वाचक नव्हताच. आपली जी मुले इंग्रजी माध्यमात शिकली, घरी मराठी बोलतात, पण देवनागरीचे एक पान वाचायला ज्यांना दहा मिनिटे लागतात, त्या मुलांचा मी विचार करतो आहे. न्यू जर्सीत किंवा सिडनीत वाढलेल्या मराठी मुलांची स्थिती ह्याहून अवघड. आजीशी ती मराठी बोलतात, अक्षर मात्र ओळखीत नाहीत. ह्या मुलांना मराठी कादंबरी हातात देणे म्हणजे कुलूपबंद पेटी देणे. तीच कादंबरी ती ऐकू शकतात. लिपी हरवली तरी भाषा एका पिढीपुरती तरी तग धरते, ती कानाच्या आधाराने. ह्यावर समाधान मानून मुलांना लिपी शिकवू नये असे मी म्हणत नाही. पण ज्याला तहान लागली आहे त्याला विहीर खणेपर्यंत थांब असे कोणी सांगत नाही.

येथवर सारे गोड आहे. आता लेखकाकडे वळू या, आणि त्यातही अशा लेखकाकडे की, ज्याच्या पाठीशी प्रकाशक नाही, जो स्वतःच आपले पुस्तक बाजारात आणतो. त्याला मी स्वतंत्र लेखक म्हणतो. मराठीत हा प्राणी नवा नाही. कर्ज काढून पुस्तक छापायचे, हजार प्रतींपैकी तीनशे भेट द्यायच्या, आणि उरलेल्या पलंगाखाली ठेवायच्या, हा संसार आपल्या कितीतरी लेखकांनी केला आहे. बोलक्या पुस्तकाने ह्या माणसाला पहिल्यांदा एक खरी संधी दिली.

ॲन्डी वीअर ह्यांचे उदाहरण घ्या. हे संगणकाचे काम करणारे अमेरिकन गृहस्थ. मंगळावर एकटाच मागे राहिलेल्या अंतराळवीराची गोष्ट त्यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट लिहिली. वाचकांच्या आग्रहास्तव २०११ साली किंडलवर ती ९९ सेंटला ठेवली. पुढे काय झाले? छापील पुस्तकाच्या मोठ्या प्रकाशकाआधी बोलक्या पुस्तकांच्या एका छोट्या कॅनेडियन कंपनीने त्यांना गाठले. 'द मार्शियन' हे आवाजाच्या रूपात २०१३ साली निघाले. मोठ्या प्रकाशकाने छापलेली प्रत आली २०१४ साली, आणि चित्रपट २०१५ साली. म्हणजे आधी कान, मग कागद. असे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही, हे उघड आहे. पण ज्या लेखकाचा कागदाशी काही करार झालेला नाही, त्याच्या आवाजाचा हक्क अजून त्याच्याच हाती असतो आणि त्या हक्काला मोल आहे, हे ह्या उदाहरणाने शेकडो लेखकांच्या लक्षात आले.

तथापि आवाजाचे पुस्तक काढणे स्वस्त नाही. इंग्रजीत तासाला साधारणतः नऊ हजार शब्द वाचून होतात; म्हणजे नव्वद हजार शब्दांच्या कादंबरीला दहा तास. पण हे दहा तास पुरे झालेल्या वाचनाचे. जीभ अडखळते, बाहेर कुत्रा भुंकतो, वाचणाऱ्याचे पोट गुरगुरते, आणि सगळे पुन्हा वाचावे लागते. मग चुका काढायच्या, श्वास कापायचे, आवाज सारखा करायचा. ऐकण्याच्या एका तासामागे मेहनतीचे पाच-सहा तास सहज जातात. अमेरिकेत अनुभवी वाचक पुऱ्या तासामागे दोनशे डॉलर किंवा त्याहून अधिक घेतो. दहा तासांचे दोन हजार डॉलर स्वतंत्र लेखकाने कोठून आणावेत?

ह्या अडचणीवर ऑडिबलने २०११ साली एक तोडगा काढला. लेखक आणि वाचक ह्यांची गाठ घालून देणारा एक बाजार तिने उघडला, आणि सांगितले की, लेखकाजवळ पैसे नसतील तर त्याने वाचकाशी भागी करावी. वाचकाने मेहनत घालावी, आणि विक्रीचे स्वामित्वधन दोघांनी निम्मेनिम्मे घ्यावे. कल्पना न्याय्य आहे. आपल्याकडील अर्धेलीच्या शेतीसारखी! लेखकाची जमीन, वाचकाचे कष्ट. आरंभी स्वामित्वधनाचा दर ५० टक्क्यांपासून सुरू होई आणि खप वाढेल तसा ९० टक्क्यांपर्यंत चढे. लेखकांची झुंबड उडाली. आणि झुंबड उडाल्यावर, २०१४ साली, नव्या पुस्तकांसाठी तो दर सरसकट ४० टक्क्यांवर आणण्यात आला. तोही पुस्तक दुसऱ्या कोणाकडे विकणार नाही असे लेखकाने लिहून दिले तर. तसे न दिले तर २५. भागीतल्या पुस्तकाला तर दुसरे दुकान बंदच, आणि तेही सात वर्षे. शंभर रुपयांच्या विक्रीत तेव्हा दुकानदाराकडे साठ जात, लेखकाला वीस मिळत, आणि ज्याने दहा तास घसा सुकविला त्याला वीस. दुकान उभारायला, चालवायला खर्च येतो हे मला मान्य आहे. परंतु छापील पुस्तकाच्या दुकानाला जागेचे भाडे, वाहतूक, वाळवी आणि न खपलेल्या प्रती सोसाव्या लागतात. येथे तर प्रतीच नाहीत!

ह्यापेक्षा वाईट गोष्ट पुढे उघडकीस आली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये लेखकांना दिसणाऱ्या हिशोबात काही बिघाड झाला, आणि विक्रीच्या रकान्यात एकाएकी मोठाल्या उणे संख्या दिसू लागल्या. चौकशीअंती समजले ते असे. ऐकणाऱ्याला घेतलेले पुस्तक वर्षभरात परत करून दुसरे घेण्याची मुभा होती. पुस्तक पुरे ऐकून परत केले तरी चाले, आणि ते परत झाले की लेखकाच्या व वाचकाच्या नावावर जमा झालेले पैसे वजा होत. हिशोबात मात्र परतीचा वेगळा रकाना नव्हता. दिसे तो निव्वळ विक्रीचा आकडा. खाणावळीत पोटभर जेवून ताट परत करावे आणि पैसे आचाऱ्याच्या पगारातून कापावेत, तशातला हा प्रकार. लेखकांनी एकत्र येऊन ओरड केली, तेव्हा १ जानेवारी २०२१ पासून खरेदीला सात दिवस उलटून गेल्यावर झालेल्या परतीचा बोजा लेखकावर टाकणे बंद झाले.

ह्या कथेतील खलनायक कोण हे मला दाखवावयाचे नाही. मला दाखवावयाचे आहे ते असे की, एकच दुकान असले म्हणजे मालाचा मालकसुद्धा गिऱ्हाइकासारखा दाराशी उभा राहतो. ब्रँडन सँडरसन हे अमेरिकेतील अतिशय खपाचे लेखक. २०२२ साली त्यांनी चार कादंबऱ्यांसाठी वाचकांकडून थेट चार कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली, आणि त्या वर्षाअखेर जाहीर केले की, ह्या पुस्तकांचे आवाजी रूप ऑडिबलवर येणार नाही. स्वतःला पैसे कमी पडतात म्हणून त्यांनी हे केले नाही. धाकट्या लेखकांना असे भांडता येत नाही, मला येते, म्हणून मी भांडतो, असा त्यांचा पवित्रा होता. दोन वर्षांनी, २०२४ साली, ऑडिबलने स्वामित्वधनाची नवी पद्धत जाहीर केली. त्याआधीच, २०२२ साली, स्पॉटिफाय ही गाण्यांची कंपनीही ह्या बाजारात उतरली होती. दुसरे दुकान शेजारी उघडले की पहिल्या दुकानातील तराजू थोडा सरळ होतो, हे आपल्याला मंडईत कोणी शिकवावे लागत नाही.

आता वाचणाऱ्याकडे येऊ. बोलक्या पुस्तकाचा लेखक छापील पुस्तकाचाच असतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात घर करतो तो आवाज. कित्येक श्रोते लेखकाचे नाव विसरतात आणि वाचणाऱ्याचे लक्षात ठेवतात. आणि हा वाचणाराच आज सर्वांत अधिक धोक्यात आहे. २०२३ च्या जानेवारीत ॲपल कंपनीने संगणकाने निर्माण केलेल्या आवाजात पुस्तके आणली. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲमेझॉननेही स्वतंत्र लेखकांना तशी सोय प्रायोगिक म्हणून देऊ केली. मेहनत नाही, दोन हजार डॉलर नाहीत, काही तासांत पुस्तक तयार. लेखकाला मोह पडणारच, आणि ज्याच्यापाशी मुळीच पैसे नाहीत त्याला मी दोष देणार नाही. परंतु २०२३ च्या फेब्रुवारीत एक गोष्ट बाहेर आली. फाइंडअवे नावाच्या वितरक कंपनीच्या करारात एक कलम होते. त्या कलमान्वये, माणसांनी वाचलेली पुस्तके ॲपलला आपल्या यंत्रांना शिकविण्यासाठी वापरता येत होती. वाचकांपैकी पुष्कळांना ह्याचा पत्ताही नव्हता. ज्या आवाजावर आपण पोट भरतो त्याच आवाजाने आपली जागा घेणाऱ्याला शिकविले, हे कळल्यावर त्यांना काय वाटले असेल! निषेध झाल्यावर तो वापर थांबविण्यात आला. पण कलम वाचले कोणी नव्हते, हे लक्षात ठेवा.

यंत्राचा आवाज वाईट असतो म्हणून त्याला विरोध करावा, हा युक्तिवाद मी करणार नाही, कारण तो वर्षागणिक खोटा पडत जाणार आहे. तरीही मराठीपुरती एक अडचण सांगण्यासारखी आहे. आपल्या लिपीत च, ज, झ ह्यांचे दोन-दोन उच्चार एकाच अक्षराने दाखवितात. 'जरा थांब' मधला जरा आणि 'जरा-मरण' मधला जरा लिहिताना सारखेच, बोलताना निराळे. माणूस वाक्य डोळ्यांखालून घालतो आणि त्याची जीभ आपोआप योग्य जागी लागते. यंत्राला ते दरवेळी अर्थावरून ओळखावे लागते. त्यात मालवणी संवाद, वऱ्हाडी म्हातारी, अहिराणीतील शिवी हे सगळे आले की, पुण्याच्या एका ठशातून काढलेला आवाज कादंबरीचे काय करील ते सांगायला नको. (पुण्याच्या मंडळींनी राग मानू नये, त्यांचा आवाज शुद्ध आहे ह्याबद्दल त्यांची स्वतःची खात्री आहेच.)

म्हणून मी आपल्या मराठी लेखकांना, आणि त्याहून अधिक त्यांच्या वारसांना, एक व्यवहाराची गोष्ट सांगू इच्छितो. पुस्तक छापण्याचा हक्क आणि ते आवाजात आणण्याचा हक्क ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवाव्यात. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. त्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनुसार, हक्क लिहून देतेवेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख करारात नसेल तर त्या माध्यमातील हक्क त्या कराराने जात नाही. २०१२ पूर्वीच्या करारांना ह्याचा लाभ किती, ह्यावर वकील भांडतील, भांडू द्यावे. पण करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते, हे कलम तर त्याहून जुने आहे. वडिलांच्या ट्रंकेत पिवळा पडलेला करार असेल तर तो बाहेर काढून वाचावा. आणि नवा करार करताना तीन ठिकाणी बोट ठेवून विचारावे. किती वर्षांसाठी? दुसरीकडे विकण्यास बंदी आहे काय? आणि हा आवाज यंत्राला शिकविण्यासाठी वापरणार काय? समोरचा माणूस भला असला तरी विचारावे. भल्या माणसाला विचारल्याने राग येत नाही.

वाचकाचाही येथे हक्काचा प्रश्न आहे. छापील पुस्तक मी विकत घेतले की ते माझे झाले. मी ते मेहुण्याला वाचायला देतो (परत येत नाही, ही गोष्ट वेगळी), गावच्या ग्रंथालयाला देणगी देतो. वर्गणी भरून ऐकलेले पुस्तक वर्गणी थांबली की मुके होते. आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयाने ते घेऊन कपाटात ठेवावे म्हटले तर त्याला ठेवायला काहीच मिळत नाही. ज्यांच्यासाठी बोलके पुस्तक मुळात निघाले त्या अंध बांधवांसाठी कायद्याने थोडा मार्ग मोकळा केला आहे. त्याच २०१२ च्या दुरुस्तीने त्यांच्याकरिता पुस्तकाचे सुलभ रूप करण्यास परवानगीची अडचण राहिली नाही. ह्याच हेतूने २०१३ साली मराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पण कायद्याने दार उघडले तरी आत पुस्तके कोणीतरी वाचून ठेवावी लागतात, आणि मराठी पुस्तके मराठी माणसांनीच वाचून ठेवावी लागतील.

शेवटी एक सूचना करतो, ती व्याख्यानमालेच्या आणि ग्रंथालयाच्या चालकांनी विचारात घ्यावी. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, साने गुरुजी १९५० साली. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्यास कोणाची परवानगी नको, कोणाला स्वामित्वधन नको. २००५ साली मॉन्ट्रियलमधील एका गृहस्थाने अशाच हक्कमुक्त पुस्तकांसाठी लिब्रिव्हॉक्स नावाची सेवा सुरू केली. हौशी माणसांनी घरच्या घरी एकेक प्रकरण वाचायचे आणि सर्वांना फुकट ऐकू द्यायचे. आज तेथे हजारो पुस्तके आहेत. त्यातील वाचन सगळेच उत्तम आहे असे नाही. काही ऐकताना झोप येते. पण ती पुस्तके कोणा कंपनीची नाहीत, आणि उद्या कोणी वर्गणी वाढविली म्हणून ती बंद पडणार नाहीत.

आपल्या गावात निवृत्त शिक्षक आहेत, शिक्षिका आहेत, नाट्यस्पर्धा गाजविलेले तरुण आहेत. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीला दोन जाड सतरंज्या टांगल्या आणि पंखा बंद ठेवला की ध्वनिमुद्रणापुरती शांतता मिळते. खर्च एका चांगल्या मायक्रोफोनचा. आणि आरंभ कोठून करावा असे मला कोणी विचारले तर मी हरिभाऊंच्या 'पण लक्षात कोण घेतो' पासून म्हणेन. ती कादंबरी लिहिली पुरुषाने, पण ती आहे यमूची, तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली. येथे बसलेल्या भगिनींपैकी तिघी-चौघींनी प्रकरणे वाटून घेतली तर एवढ्या मोठ्या पुस्तकाचे ओझे कोणा एकीवर पडणार नाही. नावे चिटणिसांकडे द्यावीत, पहिले प्रकरण ऐकायला मी येईन.